एन्झाइम ९० टक्के रोखणारं संयुग सापडलंय. दाहावरचं औषध व्हायला किती वर्षं लागतील?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या संयुगाने न्यूट्रोफिल इलॅस्टेज (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींतलं, प्रथिनं कापणारं एन्झाइम) ९० टक्के रोखलं, आयसी-५० (एन्झाइम निम्मं रोखणारा डोस) आलं ३ मायक्रोमोलर, आणि गाइड म्हणतायत की आता सरळ उंदरांवर जाऊ. वर्षांचा हिशोब पुढे देते. त्याआधी एकच सांगा, ॲसेच्या (एन्झाइमचा वेग मोजायच्या चाचणीच्या) बफरमध्ये डिटर्जंट होतं का?

प्रश्न खवचटपणे विचारत नाहीये. याच एन्झाइमवर माझी पीएचडी झाली आणि याच एका मुद्द्यावरून माझं नि माझ्या गाइडचं जे बिनसलं ते आजतागायत सुधारलेलं नाही.

आमचं संयुग म्हणजे एक फ्लॅव्होनॉइड (वनस्पतींत सापडणारा रेणू), त्याला लॅबमध्येच जोडलेली लांबलचक कार्बनची शेपटी. पाण्यात विरघळायचं नाव नाही, पण डीएमएसओ या द्रावकात मस्त. ॲसे तुमच्यासारखाच असणार: एन्झाइमने कापला की पिवळा रंग सोडणारा पॅरा-नायट्रोॲनिलाइडचा सबस्ट्रेट, ४०५ नॅनोमीटरला वाचन. एन्झाइम चालू असेल तर प्लेटवरची वेल (छोटा खळगा) पिवळी होते, अडलं तर तशीच राहते. आमच्या प्लेटवर वरच्या डोसांच्या वेल स्वच्छ, खालच्यांच्या पिवळ्याधमक. सर खूश. पुढच्या ग्रुप मीटिंगपर्यंत पेटंटचं बोलणंही सुरू झालं होतं.

मला खटकला तो वक्र. एका डोसला काहीही नाही आणि त्याच्या चौपट डोसला एन्झाइम सपशेल बंद. एका जागेवर एक रेणू बसून एन्झाइम अडत असेल तर १० टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर जायला डोस ८१ पट वाढवावा लागतो. हे तर सेकंड इयरचं गणित आहे. शिवाय प्लेट तिरकी करून दिव्याकडे धरली की वरच्या डोसांच्या वेलमध्ये पुसटसं दुधाळपण दिसायचं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "बुडबुडे असतील."

ब्रायन शॉइकेट यांच्या गटाने २००२ मध्येच दाखवून दिलं होतं की स्क्रीनिंगमध्ये 'सापडणारे' पुष्कळसे रेणू एन्झाइमच्या खोबणीत बसतच नाहीत. मायक्रोमोलर डोसला ते बफरमध्ये एकमेकांना धरून शेकडो नॅनोमीटरचे गोळे बनवतात आणि गुळाच्या ढेपेला माश्या चिकटाव्यात तशी एन्झाइमं त्या गोळ्यांना चिकटून बसतात. कुठलंही एन्झाइम द्या, असे रेणू ते 'रोखतात'. क्वेरसेटिन हे फ्लॅव्होनॉइड यातलं जुनं गिऱ्हाईक. तपासणी अगदीच स्वस्त आहे: ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घाला. गोळे फुटतात आणि एन्झाइम मोकळं होतं.

मी घातलं. सगळी प्लेट पिवळी झाली, वरच्या डोसांसकट. फक्त सिव्हेलेस्टॅट या इलॅस्टेजवरच्या औषधाच्या वेल तेवढ्या स्वच्छ राहिल्या, कारण ते खरंखुरं इनहिबिटर (एन्झाइम रोखणारं) आहे. मग संयुगाचं द्रावण जोरात फिरवून वरचा भाग घेतला, तर त्यात काही जोरच उरला नव्हता. जे काही होतं ते तळाशी बसलं होतं.

सरांचं पहिलं म्हणणं, डिटर्जंटने एन्झाइमच बिघडलं असणार. बिघडलं असतं तर कंट्रोलचा वेग पडला असता आणि सिव्हेलेस्टॅटचाही आकडा हलला असता. दोन्ही जागच्या जागी होते. दुसरं म्हणणं त्याहून भारी: "शरीरात कुठे ट्रायटन असतं?" नसतंच. पण एका लिटर रक्तद्रवात ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन हे प्रथिन असतं, आणि असं तेलकट संयुग इलॅस्टेजला सोडून आधी त्यालाच जाऊन चिकटणार. याला उत्तर आलं नाही. "रिव्ह्यूअरने मागितलं तर बघू," एवढंच आलं.

मग उंदीर. संयुग पोटात टोचलं, पंजात सूज आणणारं कॅराजीनन, तासातासाला पंजाची सूज मोजली. कमी झाली! सरांच्या लेखी विषय संपला. आता हा मॉडेल वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं की पोटात काहीही झोंबणारं टोचलं तरी दूरच्या पंजाची सूज उतरते. आमचं संयुग पोटात गाळासारखं बसत होतं, ते मी उंदीर उघडल्यावर डोळ्यांनी पाहिलं. तोंडावाटे देऊन बघू म्हटलं, तर वेळ नाही म्हणाले. पेपर निघाला, त्यात ना ट्रायटनची प्लेट ना गाळाचा उल्लेख. माझं नावही नाही, कारण ते काढा असं मीच लेखी कळवलं होतं. त्यापायी एक पब्लिकेशन गेलं आणि थीसिस लांबला. पण आज मी स्क्रीनिंगच्याच कामात आहे आणि आमच्याकडे डिटर्जंटशिवाय आलेला आकडा कुणी वहीतसुद्धा लिहीत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे. समजा, तुमचं संयुग खरं आहे. पुढे काय होतं, हे याच एन्झाइमच्या इतिहासात बघा. इलॅस्टेजला आवरणारं प्रथिन अल्फा-१ अँटिट्रिप्सिन रक्तात कमी असलेल्यांची फुप्फुसं पोखरली जातात, हे स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्येच लिहिलं. म्हणजे इलॅस्टेजला आवर घालणारं कुणी नसेल तर काय होतं, ते तेव्हापासून माहीत आहे. सिव्हेलेस्टॅट नॅनोमोलरमध्ये काम करणारं, नेमकं औषध. जपानमध्ये २००२ मध्ये फुप्फुसाच्या तीव्र इजेसाठी मंजूर झालं. मग व्हेंटिलेटरवरच्या ४९२ रुग्णांची स्ट्राइव्ह चाचणी झाली, आणि ती अर्धवट थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत पुढच्या सहा महिन्यांतले मृत्यू जास्त दिसत होते. एन्झाइम बरोबर होतं, इनहिबिटर खरं होतं, तरी ही गत. रुग्ण व्हेंटिलेटरवर पोचेपर्यंत इलॅस्टेजने आपलं काम उरकलेलं असतं, असं माझं मत.

गाडी पुढे गेली ती भलत्याच वाटेने. पॅपिलॉन-लेफेव्ह्र नावाचा दुर्मिळ आजार आहे: तळहात-तळपायांची कातडी जाड होते, दात लहानपणीच पडतात. त्याचं मूळ कॅथेप्सिन सीच्या जनुकात आहे हे १९९९ मध्ये कळलं. हे कॅथेप्सिन सी अस्थिमज्जेत, न्यूट्रोफिल घडत असतानाच, इलॅस्टेजच्या टोकाची दोन अमिनो आम्लं कापून त्याला धार लावतं. या रुग्णांच्या न्यूट्रोफिलमध्ये इलॅस्टेजची धार जवळपास नसतेच, तरी ते एरवी बऱ्यापैकी तग धरतात. मग इलॅस्टेजच्या मागे धावण्यापेक्षा धार लावणाऱ्यालाच थोडं आवरलं तर? ब्रेन्सोकॅटिब हे औषध ते करतं. ब्रॉन्किएक्टॅसिसच्या (श्वासनलिका कायमच्या रुंदावण्याच्या आजाराच्या) रुग्णांत त्याने आजार उसळण्याचं प्रमाण साधारण एक पंचमांशाने कमी केलं आणि अमेरिकेत २०२५ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. जनुक सापडल्यापासून २६ वर्षं. बघा तुमचा हिशोब.

सरासरीच हवी असेल तर सुरुवातीपासून मंजुरीपर्यंत १० ते १५ वर्षं धरा, आणि माणसांवरच्या चाचण्यांत उतरलेल्या दहांपैकी साधारण एकच पार होतो हेही धरा. मंजुरीनंतरही सुटका नाही. रोफेकॉक्सिब या वेदनाशामकाने कॉक्स-२ हे दाहाचं एन्झाइम अगदी निवडून रोखलं, १९९९ मध्ये बाजारात आलं आणि हृदयविकाराचे झटके वाढतात म्हणून २००४ मध्ये कंपनीनेच मागे घेतलं. दाहाच्या एन्झाइमांचं हेच दुखणं आहे. ती शरीरात इतरही चार कामं करत असतात. पी-३८ कायनेज या दाहाच्या आणखी एका एन्झाइमचे इनहिबिटर घ्या. संधिवातात पहिले काही आठवडे सीआरपी (रक्तातलं दाहाचं मोजमाप) छान उतरायचं, नंतर पुन्हा वर, आणि वर यकृताला त्रास. एकामागून एक कंपन्यांनी नाद सोडला.

दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या. डिटर्जंटने जोर गेला म्हणजे रेणू कचऱ्यात, असंही नाही. क्लोट्रिमाझोलसुद्धा ॲसेत असे गोळे बनवतं आणि तरी उत्तम बुरशीनाशक आहे. फक्त तुमचा तो आकडा खरा राहत नाही. आणि औषध व्हायला आधी एन्झाइम माहीत असावंच लागतं असंही नाही: ॲस्पिरिन १८९९ पासून विकलं जात होतं, ते प्रोस्टाग्लँडिन या दाह वाढवणाऱ्या रसायनांची निर्मिती थांबवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं.

तर उंदरांना सध्या राहू द्या. ट्रायटन घालून आणि न घालून एकाच प्लेटवर दोन वक्र काढा, शेजारी सिव्हेलेस्टॅट ठेवा. एन्झाइम दहापट घेऊनही एकदा बघा. गोळ्यांचा खेळ असेल तर आयसी-५० सरळ वर सरकेल. संयुग स्वतःच पिवळं असेल तर त्याचा ब्लँक (एन्झाइमविना घेतलेलं वाचन) वेगळा वजा करा. अल्ब्युमिन तापवून गढूळपणा मोजायची ती 'दाहविरोधी चाचणी' मात्र कृपा करून कुणाला दाखवू नका, तिचा दाहाशी काही संबंध नाही. गाइडना तोंडी सांगण्यात अर्थ नाही. प्लेटचा फोटो आणि कच्चे आकडे ईमेलने पाठवा, म्हणजे तारीख राहते. ते म्हणतील शरीरात ट्रायटन नसतं. अल्ब्युमिनचं उत्तर वर दिलंच आहे.

आणि ट्रायटन घालूनही ३ मायक्रोमोलर जसंच्या तसं राहिलं, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. संयुगाचा सांगाडा साधारण कसा आहे तेही सांगा, मग पुढचं बोलू.