उजेड कुठला, मार्चचा की जूनचा?

प्रश्न: मुलगा नॉर्वेत ट्रॉम्सोला असतो. फोटोंसाठी मार्चमध्ये जावं की जूनमध्ये? – एक वाचक, खानापूर

उत्तर: काकू, मार्च. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतच नाही. कोवळा उजेड मध्यरात्री, तेव्हा तुम्ही जागणार का? आपल्या बेळगावजवळच्या राजहंसगडावर सूर्य जवळजवळ सरळ वर चढतो, कोवळं ऊन बघता बघता सरतं. ट्रॉम्सो ६९ अंशांच्याही उत्तरेला. २१ मार्चला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर, म्हणून दिवसभर लांब सावल्या. बर्फ कॅमेऱ्यात करडा येतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे कॅमेऱ्यात दुप्पट उजेड घ्या. जादा बॅटरी आतल्या खिशात. आणि घरात शिरण्याआधीच कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं. मुलासाठी कुंदा न्यालच, ती पिशवी वेगळी ठेवा!