वाचक विचारतात: विक्रांतवरची विमानं घरी बनवताना

मागच्या अंकात जहाजावरून उडणाऱ्या जुन्या हल्ला-विमानांच्या आरसी (रिमोटने उडणाऱ्या) मॉडेल्सवर लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आले. सगळे घेता येणार नाहीत, पण ज्यात इतरांचंही काम होईल असे इथे घेतलेत.

प्रश्न: मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. १९७१ च्या युद्धात विक्रांतवरून उडालेलं सी हॉक मला १:१० मापात बनवायचंय, ईडीएफ (नळीत बसवलेला विजेवरचा पंखा) लावून. फोमचं ट्रेनर मी बऱ्यापैकी उडवतो. सी हॉकचं किट कुठेच मिळत नाहीये. जमेल का? (विक्रोळी)

उत्तर: जमेल, आणि कोणीतरी हे विमान निवडलं याचा मला खरंच आनंद झालाय, कारण आपल्याकडे ज्याला त्याला मस्टँग नाहीतर स्पिटफायर बनवायचं असतं आणि ४ डिसेंबर १९७१ ला कॉक्स बाझार आणि चितगाववर ज्यांनी हल्ले चढवले ती आपल्या नौदलाची ३०० स्क्वाड्रनची सी हॉक्स कोणाच्या लक्षातच नसतात.

आता किट नाही याचं टेन्शन घेऊ नकोस. थ्री-व्ह्यू (समोरून, बाजूने, वरून) ड्रॉइंग मिळतं, ते मोठं करून प्रिंट काढायचं आणि फॉर्मर (धडाला आकार देणारे आडवे छेद) स्वतः आखायचे, सी हॉकचा पंख सरळ आहे आणि फ्युजलाज (विमानाचं धड) गोलसर त्यामुळे हे काम वाटतं तेवढं अवघड नाही.

पण त्याआधी कागद-पेन घेऊन बस. खऱ्या विमानाचा विंगस्पॅन ११.८९ मीटर, म्हणजे तुझा जवळपास १.१९ मीटर. पंखांचं क्षेत्रफळ २५.८ चौरस मीटर, तुझं ०.२५८. लांबी दहापट कमी झाली की क्षेत्रफळ शंभरपट कमी होतं, आणि वजन त्याच हिशोबाने हजारपट कमी धरलं तर भरलेल्या ७.३ टनाच्या विमानाचं तुझं मॉडेल ७.३ किलोचं होईल. ते उडवायचा विचारच करू नकोस. तुझं टार्गेट बॅटरीसकट १.७ किलो. तेवढ्या वजनाला हे मॉडेल अंदाजे ताशी ३८ किलोमीटरला स्टॉल होईल (म्हणजे त्याहून हळू गेलं तर पंख विमान उचलून धरणार नाहीत), तेच अडीच किलोचं झालं तर ४५ च्या पुढे, आणि लँडिंगला हा फरक भयंकर असतो कारण ईडीएफला थ्रॉटल दिल्यावर फॅनला स्पीड पकडायला वेळ लागतो, प्रॉपसारखा (प्रोपेलरसारखा) झटकन जोर येत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा टेबलावर ठेव आणि प्रत्येक भाग चिकटवायच्या आधी तोलून वहीत लिही. मागच्या बाजूचा एकेक ग्रॅम दोनदा महाग पडतो, तिथे वाढला की बॅलन्ससाठी पुढे शिसं भरावं लागतं.

सी हॉकची खरी गंमत त्याच्या एक्झॉस्टमध्ये आहे. रोल्स-रॉइस नीन इंजिनाचा जेट पाइप मधेच दोन भागात फुटतो आणि पंखांच्या मुळाशी मागच्या बाजूला, डावी-उजवीकडे बाहेर पडतो, त्यामुळे शेपटीकडचं फ्युजलाज मोकळं राहिलं आणि तिथे इंधनाची टाकी बसली. बरेच मॉडेलर्स कंटाळा करून शेपटीतून सरळ पाइप काढतात, मला ते अजिबात पटत नाही, मग ते सी हॉक राहिलंच कुठे? ७० मिलिमीटरचा फॅन घे, हब (मधला गोल भाग) वजा केला तर हवेला साधारण ३१ चौरस सेंटीमीटर जागा मिळते. बाहेर पडायच्या दोन्ही तोंडांचं मिळून क्षेत्रफळ याच्या ८५ टक्क्यांच्या आसपास ठेव, म्हणजे प्रत्येक तोंड साधारण ४ सेंटीमीटर व्यासाचं. डक्टसाठी (हवेच्या नळीसाठी) ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची शीट मस्त, आधी कार्डपेपरचा नमुना कापून बघायचा, मग शीट गुंडाळून आतून गुळगुळीत जोड द्यायचा. जिथे पाइप दोन होतो तिथली मधली कड ब्लेडसारखी पातळ हवी आणि वळण जितकं हळू देता येईल तितकं हळू. थोडा थ्रस्ट (विमान ढकलणारा जोर) जाईल, जाऊ दे. चांगला फॅन ४एस (चार सेलच्या) बॅटरीवर दीड किलोच्या वर थ्रस्ट देतो, त्यातला काही गेला तरी १.७ किलोचं विमान आरामात उडतं. इनटेक (हवा आत घेणारी तोंडं) मापातच ठेवलेस तर हवा कमी पडेल, त्यासाठी पोटाखाली फॅनच्या पुढे एक जास्तीचं भोक दे, वरून बघणाऱ्याला ते दिसत नाही.

सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य) सुरुवातीला मीन कॉर्डच्या (पंखाच्या सरासरी रुंदीच्या) पुढून २५ टक्क्यांवर. चाकं पहिल्या मॉडेलला लावूच नकोस, आपल्याकडच्या मैदानांवर ती छोटी चाकं टिकत नाहीत, बंजीने (ताणलेल्या रबरी दोरीने) लाँच कर आणि गवतात पोटावर उतरव. आणि एक मनापासून सांगतो, ट्रेनरवरून थेट यावर उडी मारू नकोस, मधे लो-विंगचं (पंख खाली असलेलं), एलेरॉनवालं (पंखाच्या मागच्या कडेला हलत्या पट्ट्या असलेलं), प्रॉपचं एखादं विमान हाताखालून जाऊ दे.

प्रश्न: नौदलात असताना मी अलिझे या पाणबुडीविरोधी विमानाच्या मेंटेनन्सला होतो. आता नातवाला घेऊन त्याचं उडणारं मॉडेल बनवायचं मनात आहे. मी स्वतः कधी आरसी केलेलं नाही. हे विमान मॉडेल म्हणून उडायला कसं? (मुलुंड)

उत्तर: काका, तुमचं पत्र वाचून खूप बरं वाटलं. नौदलाच्या जुन्या विमानांपैकी मॉडेलसाठी सगळ्यात समजूतदार विमान कुठलं असं मला कोणी विचारलं तर मी अलिझेच सांगेन. प्रॉपचं आहे, पंख लांब आणि जवळजवळ सरळ, चाकं एकमेकांपासून लांब त्यामुळे जमिनीवर डुलत नाही, आणि नोजव्हील असल्यामुळे नवीन माणसाला टेकऑफला त्रास होत नाही. सी हॉकवाल्या मित्राने मधलं विमान म्हणून हेच करावं असं मला वाटतं.

१:१० ला पंख १.५६ मीटरचे होतात. वजन दोन ते सव्वादोन किलोत बसवा. पंखांवरचे ते फुगीर नॅसेल (कप्पे), ज्यात मागे मेन व्हील्स जायची आणि पुढे सोनोबॉय (पाणबुडीचा आवाज टिपणारी उपकरणं) असायचे, ते मॉडेलरसाठी वरदान आहेत. रिट्रॅक्ट (आत दुमडणारी चाकं) बसवायला पंखात वेगळी जागा कोरावी लागत नाही. पहिल्यांदा फिक्स चाकं लावा पण नॅसेलमधे लाइटप्लायची (हलक्या प्लायवूडची) पट्टी आत्ताच टाकून ठेवा, पुढेमागे रिट्रॅक्ट घालायचे झाले तर पंख फोडावा लागणार नाही.

पंख घडी होणारे करायचे का, असं नातू विचारणारच. खऱ्यासारखी घडी नको, त्या बिजागरीचं वजन आणि ढिलेपणा दोन्ही नको. पण खरं विमान जिथे दुमडतं नेमक्या त्याच रेषेवर पंख वेगळा होऊ द्या, आत कार्बनची नळी आणि एक स्क्रू. घरात ठेवायला बरं आणि लोकलने न्यायलाही, दीड मीटरचा अख्खा पंख घेऊन लगेजच्या डब्यातसुद्धा उभं राहणं कठीण आहे.

प्रॉपबद्दल: डार्ट इंजिनाला चार पाती होती, तुम्हाला तीच हवी असणार. चार पात्यांचा प्रॉप घेतला तर व्यास एक-दोन इंच कमी घ्या, नाहीतर मोटर जास्त करंट ओढून तापेल. पहिली काही उड्डाणं साध्या दोन पात्यांवर करा, विमान ओळखीचं झालं की मग चार. पोटाखालचा खाली उतरणारा रडारचा डोम तुम्ही हाताने हाताळलेला असणार, तो मॉडेलमधे एका छोट्या सर्व्होवर (रिमोटच्या इशाऱ्यावर भाग हलवणाऱ्या मोटरवर) करता येतो, व्हॅक्यूम फॉर्म केलेलं (तापवून साच्यावर ओढलेलं) पातळ प्लास्टिक घ्या म्हणजे दहा-पंधरा ग्रॅममधे भागेल. विमान जवळून जाताना तो डोम खाली आलेला दिसला की ओळखणारा लगेच ओळखतो. आणि बाकी मापं पडताळायला नातवाला घेऊन गोव्याला दाबोळीजवळचं नौदलाचं विमान संग्रहालय गाठा, तिथे अलिझे आणि सी हॉक दोन्ही उभी आहेत. फोटो समोरून, बाजूने आणि मुख्य म्हणजे खालून वाकून काढा. खालचे फोटो कुठेच मिळत नाहीत, आणि उडताना लोकांना दिसतं ते खालचंच.

प्रश्न: डाँटलेस या अमेरिकन बॉम्बफेकी विमानाचे भोकं पाडलेले डाइव्ह ब्रेक (सूर मारताना वेग रोखणाऱ्या पट्ट्या) चालते करावेत की नुसते रंगवावेत? (डोंबिवली)

उत्तर: चालते करा! ४ जून १९४२ ला मिडवेच्या लढाईत या विमानांनी जपानची विमानवाहू जहाजं बुडवली ती सत्तर अंशांच्या आसपास सूर मारून, आणि एवढ्या उभ्या सुरात वेग हाताबाहेर जाऊ नये म्हणूनच हे ब्रेक होते. भोकं शोभेची नाहीत, सलग पत्रा उघडला की मागे हवा इतकी घुसळते की शेपूट थरथरते, भोकांनी ती थरथर कमी झाली. मॉडेलमधेही हाच फायदा मिळतो, म्हणून भोकं रंगवण्यापेक्षा खरीच पाडा.

१:१० ला खरी तीन इंची भोकं साडेसात मिलिमीटरची होतात. पितळी नळीच्या तोंडाला आतून धार लावायची, १ मिलिमीटर बाल्साच्या (अगदी हलक्या लाकडाच्या) पट्टीच्या मागे टेप लावायचा आणि नळी दाबून फिरवत फिरवत एकेक भोक पाडायचं, ड्रिलने बाल्सा फाटतो. मग दोन्ही बाजूंना पातळ सायनो (झटपट चिकटणारा गोंद) फिरवला की कडा कडक होतात. वरची आणि खालची अशा दोन पट्ट्या प्रत्येक पंखाला, त्यांना वेगवेगळे सर्व्हो, आणि ट्रान्समीटरमधून सर्व्होची गती दोन-तीन सेकंदांवर आणा, एकदम उघडले की नाक दचकतं. एलिव्हेटरचं मिक्सिंग, म्हणजे ब्रेक उघडल्यावर शेपटीची आडवी पट्टी आपोआप किती हलावी ते, भरपूर उंचीवर जाऊन ठरवा. सूर ४५ अंशांचा पुरे, जमिनीवरून तो उभाच वाटतो. आणि डाँटलेसचे पंख घडी होत नव्हते, त्यामुळे तुम्ही एका मोठ्या कटकटीतून सुटलात.

प्रश्न: पावसाळ्यात बाल्साचे पंख वाकडे होतात, कव्हरिंगला (पंखावर चढवलेल्या फिल्मला) सुरकुत्या पडतात. उपाय? (वसई)

उत्तर: आपल्या हवेत हे होणारच, बाल्सा पाणी पितो. जून ते सप्टेंबर पंख कव्हर करायचेच नाहीत असं मी ठरवूनच टाकलंय, त्या महिन्यात कॉकपिट, डक्ट, वायरिंग अशी कामं करा. लाकूड प्लास्टिकच्या पिशवीत सिलिका जेल टाकून आडवं ठेवा, भिंतीला टेकवून उभं ठेवलं की वाकलंच म्हणून समजा. तयार झालेला पंख पिळला असेल तर उलट्या दिशेला थोडा जास्त पिळून धरायचा, हीट गनने फिल्म तापवायची आणि गार होईपर्यंत हात सोडायचा नाही, दोघं जण लागतात. फोमचं विमान असेल तर साधा सायनो लांब ठेवा, फोम विरघळतो, फोम-सेफ वेगळा मिळतो. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी सर्व्हो आणि ईएससीचे (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचे) कनेक्टर मधूनमधून बघत जा, खाऱ्या हवेने हिरवे पडतात. आणि लायपो (लिथियम बॅटरी) चार महिने पडून राहणार असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा, फुल चार्ज करून कपाटात अजिबात नको.

प्रश्न: उडवायचं कुठे? शिवाजी पार्क, जुहू बीच चालेल का? (दादर)

उत्तर: नाही. दोन्ही ठिकाणी नाही. मुंबईत सांताक्रूझ आहे, जुहू आहे, आता नवी मुंबईचाही विमानतळ आहे, नौदलाच्या जागा आहेत, आणि वर मुंबई पोलिस वेळोवेळी ड्रोन, रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं, पॅराग्लायडर यांच्यावर बंदीचे आदेश काढत असतात. ड्रोन नियम २०२१ मधे हौसेच्या मॉडेल्सचा वेगळा उल्लेख आहे पण याचा अर्थ कुठेही उडवा असा नाही, हिरव्या-पिवळ्या-लाल झोनचा नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आहे तो आधी बघायचा. हिरव्या झोनमधेसुद्धा ४०० फुटांची मर्यादा, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांचीच. आम्ही लोक भात कापून झाल्यावर डिसेंबरपासून मेपर्यंत कर्जत, मुरबाडच्या बाजूला जातो, शेतमालकाला आधी विचारून, नकाशा बघून, आणि गावात सांगून. माणसांच्या आणि गुरांच्या डोक्यावरून कधीच नाही. एकट्याने जाऊ नका, एकाची नजर विमानावर असताना आजूबाजूला बघायला दुसरा लागतोच.

प्रश्न: स्कायरेडर या अमेरिकन हल्ला-विमानावर रिव्हेट (पत्र्यावरच्या खिळ्यांची डोकी) किती आणि कसे दाखवावेत? (गिरगाव)

उत्तर: उडवणार असाल तर थोडेच. वीस-पंचवीस मीटरवरून रिव्हेट दिसत नाहीत, दिसतो तो आकार: नाकाचा जाडपणा, कॅनोपीची उंची, पंखाखाली ओळीने लटकलेली शस्त्रं. ती शस्त्रं थर्माकोल तासून करा, लाकडाची नकोत, आणि मॅग्नेटने लावा म्हणजे लँडिंगला धक्का बसला तर निघून पडतील, पंख तुटणार नाही. रिव्हेट हवेच असतील तर फ्युजलाजच्या पुढच्या भागात, जिथे लोक विमान जमिनीवर असताना वाकून बघतात तिथे, फेविकॉलचे बारीक थेंब इंजेक्शनच्या सुईने द्या आणि मगच प्रायमर मारा. रंग मॅटच घ्या.