'व्हील ऑफ टाइम' या कादंबरीमालिकेत जादू करणारी म्वारेन नायक रँडला सगळं खरं आधीच का सांगत नाही? ती स्वार्थी आहे का? आणि तिला खोटं बोलता येत नसूनही लोक तिच्यावर विश्वास का ठेवत नाहीत?

स्वार्थी अजिबात नाही. हा आरोप मी कॉलेजपासून ऐकत आलेय, म्हणून सविस्तर लिहिते. पाचव्या खंडापर्यंतचं कथानक यात उघड होणार आहे, तिथवर पोचला नसाल तर इथेच थांबा.

मी आणि माझा एक मित्र ही पुस्तकं बरोबरच वाचायचो. प्रत एकच. आधी तो वाचणार, मग मी. त्यामुळे प्रत्येक खंड माझ्या हातात यायचा तो त्याच्या निकालासकट. पहिल्याच खंडानंतर त्याने जाहीर केलं, 'ही बाई पोरांना वापरून घेतेय.' चौथ्या खंडापर्यंत म्वारेन त्याच्या लेखी खलनायिका झाली होती. एकदा आम्ही चार-पाच वाचणारे बसलो होतो, तेव्हा तो म्हणाला, 'बायकांच्या हातात सत्ता आली की त्या असंच सगळं दडवून ठेवतात.' मी त्याला तिथेच विचारलं, की दाढीवाला म्हातारा जादूगार अर्धीच माहिती देतो तेव्हा तुला ते शहाणपण वाटतं, मग हिने तेच केलं की कारस्थान कसं? तो म्हणाला, 'ते वेगळं.' वेगळं काय ते त्याने आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मला जे धड मांडता आलं नाही, ते आता मांडते.

2004 साली आलेली पूर्वकथा, 'न्यू स्प्रिंग', वाचा. गिटारा नावाची आइस सेडाय (जादू करणाऱ्या बायकांच्या संघातली) ड्रॅगनचा, म्हणजे शेवटच्या लढाईसाठी नेमलेल्या वीराचा, पुनर्जन्म झाल्याचं भाकीत करून जागीच कोसळते, तेव्हा त्या खोलीत ॲमर्लिन, म्हणजे संघाची प्रमुख, असते आणि दोन शिकाऊ मुली असतात, म्वारेन आणि सुआन. ॲमर्लिन त्या बाळाच्या, म्हणजे रँडच्या, शोधासाठी विश्वासातल्या आइस सेडाय निवडते. पुढे ॲमर्लिन मरते, आणि त्या निवडलेल्या बायकाही एकामागून एक मरतात. कारण ब्लॅक आजा, म्हणजे सैतानाला मिळालेला आइस सेडायचा छुपा गट, त्यांच्या मनोऱ्याच्या आतच बसलेली आहे. ज्यांना ज्यांना माहीत होतं त्यांचं काय झालं हे ऐन विशीत पाहिलेली मुलगी पुढची वीस वर्षं तोंड मिटून शोध घेते, याला तुम्ही स्वार्थ म्हणणार? त्यात ती कायरिएनच्या राजघराण्यातली. तिथे घराण्याघराण्यांचा डावपेचांचा खेळ मुलं पाळण्यापासून शिकतात. मोजून बोलणं तिच्या अंगातच आहे.

आणि सांगितलं असतं तर काय झालं असतं? रँड मेंढपाळाचा पोरगा. लहानपणापासून एकच ऐकलेलं, की पॉवर, म्हणजे जादूची शक्ती, वापरणारा पुरुष वेडा होतो आणि आपल्याच माणसांना मारतो. आधीच्या जन्मीच्या ड्रॅगनने, ल्यूस थेरिनने, तेच केलं होतं. सैदीन, म्हणजे पॉवरचा पुरुषांच्या वाट्याचा अर्धा भाग, विटाळलेलं आहे, त्यावर तेव्हा कुणाला उपाय ठाऊक नाही. हे सगळं त्याला गावातच सांगितलं असतं, तर तो त्या रात्रीच तिच्यापासून पळाला असता, आणि ट्रोलॉक राक्षस गावात घुसलेलेच होते.

खोटं न बोलण्याचं कारण आइस सेडायच्या शपथा, आणि त्यांचं उत्तर सोपं आहे. असत्य शब्द उच्चारायचा नाही, एवढीच पहिली शपथ. अर्धं सांगायला, विषय वळवायला, समोरच्याला चुकीचा अर्थ लावू द्यायला ती आड येत नाही. शेकडो वर्षं आइस सेडाय यातच पटाईत झाल्या. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्यात लोक पळवाट शोधतात.

खरा मुद्दा जादूत आहे, आणि तोच माझ्या मित्राने वाचूनही सोडला. सैदीन झटून पकडावं लागतं, त्याच्याशी क्षणोक्षणी झुंजावं लागतं. बायकांच्या वाट्याच्या अर्ध्या भागाला, सैदारला, शरण जावं लागतं, मगच ते हवं तिकडे वळवता येतं. म्हणून बाई पुरुषाला शिकवू शकत नाही. म्वारेनने रँडला शिकवलं नाही यात तिचा काही डाव नव्हता. पण हीच गोष्ट ती स्वतःच्या वागण्याला लावते. आधीच्या खंडांत ती रँडला ढकलते, अडवते, वळवू पाहते, आणि तो तितकाच ताठर होतो, कारण कुणाच्या हातचं बाहुलं व्हायचं नाही हाच त्याचा सगळ्यात मोठा हट्ट. पाचव्या खंडात, 'द फायर्स ऑफ हेवन'मध्ये (1993), ती अचानक त्याचं ऐकायला लागते. रँडच्या गावची एग्वेन चक्रावून कारण विचारते. म्वारेनचं उत्तर साधारण असं, की सैदारवर ताबा कसा मिळवायचा ते मला आठवलं. त्या एका ओळीत तिचा सगळा स्वभाव आहे. माझ्या मते अख्ख्या चौदा खंडांत हेतू आणि जादू इतके एकजीव झालेले दुसरीकडे कुठे नाहीत.

आणि त्याच वेळी तिला पुढचं ठाऊक आहे. रुइडियन शहरातल्या भविष्य दाखवणाऱ्या कड्यांतून गेल्यापासून, बंदराच्या धक्क्यावर लॅनफिअरशी सामना होण्याचा दिवस येणार हे तिला कळलेलं आहे. दुसऱ्या वाटांनी गेलं तर रँड मरतो, नाहीतर लॅनफिअरचा, म्हणजे सैतानाच्या एका बलाढ्य सेविकेचा, होऊन बसतो. म्हणून ती लॅनफिअरला घेऊन दुसऱ्या जगात नेणाऱ्या लाल दगडी चौकटीत झेपावते. मागे पत्र ठेवून जाते, ज्यात सगळं सरळ लिहिलेलं असतं. वापरून घेणारी माणसं स्वतः चौकटीतून आत उडी मारत नाहीत.

आता तिच्या विरोधातलंही लिहिते. पहिल्या खंडात ती रँड आणि त्याच्या मित्रांना चांदीची नाणी देते आणि त्यांचा माग ठेवण्यासाठी ती वापरते, हे त्यांना न विचारता. ते मला आजही पटत नाही. तुम्ही सैतानाच्या हाती पडण्याआधी मीच तुम्हाला संपवेन, असंही ती तोंडावर सांगते. रँडच्या गावची वैदू नायनीव्ह, तिचा म्वारेनवरचा राग काही अगदी वाऱ्यावरचा नाही. 2021 ची मालिका पाहून प्रश्न विचारला असाल तर माझं हे सगळं पुस्तकांबद्दल आहे असं धरा. मालिकेतली म्वारेन बरीच वेगळी आहे.

ती धक्क्यावरची प्रकरणं वाचा आणि तिचं पत्र दोनदा वाचा. तुमचाही कुणी मित्र असा निकाल आधीच देऊन पुस्तक हातात देत असेल, तर पुढचा खंड त्याच्या आधी मागून घ्या. माझा मित्र अजून 'ते वेगळं' यावरच अडलेला आहे. त्याने इथे येऊन निदान कारण लिहावं, मी वाचेन.