एका हॉस्पिटलात सीझर २५ टक्के, दुसऱ्यात ५५ टक्के. मग पहिलंच चांगलं समजायचं का?

ताई, तुम्हाला सातवा लागलाय, पहिलंच बाळंतपण आहे आणि गावातल्या दोन हॉस्पिटलांचे हे आकडे कुणीतरी तुमच्या कानावर घातलेत. मी बावीस वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, आधी ग्रामीण रुग्णालयात, मग एका खासगी मॅटर्निटी होममध्ये. दोन्हीकडे डिलिव्हरी रजिस्टर मीच भरायचे. त्यामुळे सांगते, एवढ्या आकड्यावरून नाव घालू नका.

ग्रामीण रुग्णालयात आमचा सीझरचा आकडा कायम कमी असायचा. कारण भूलतज्ज्ञ आठवड्यातून दोनच दिवस यायचे. इतर दिवशी बीपी वाढलेली, बाळ आडवं असलेली किंवा आधीचं सीझर झालेली बाई आली की रेफरची चिठ्ठी लिहायची आणि तिला १०८ मध्ये बसवायचं. तिचं सीझर जिल्हा रुग्णालयात व्हायचं आणि टक्का तिथला वाढायचा. तुमचं २५ टक्केवालं हॉस्पिटल अवघड केसेस पुढे पाठवतं का, हे आधी बघा.

म्हणून तुलना सारख्या बायकांची करायची. मायकेल रॉबसन या डॉक्टरांनी २००१ मध्ये यासाठी बाळंतिणींचे दहा गट मांडले: पहिलटकरीण आहे की नाही, आधी सीझर झालंय का, बाळ एक की जुळं, डोकं खाली, पायाळू की आडवं, दिवस पुरे भरलेत का, कळा आपोआप आल्या की आणल्या. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हॉस्पिटलांची तुलना याच गटांनी करा असं सांगितलं. तुमच्या कामाचा गट पहिला: पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, दिवस भरलेले, कळा आपोआप सुरू.

हिशोब करून बघा. समजा दोन्हीकडे शंभर-शंभर बाळंतपणं झाली आणि तुमच्या गटातल्या बायका चाळीस-चाळीस. पहिल्या हॉस्पिटलात त्या चाळिसातल्या १६ जणींचं सीझर झालं. बाकीच्या साठ जणी बहुतेक दुसरेपणाच्या, आधी नॉर्मल झालेल्या, त्यांच्यात फक्त ९. एकूण २५. दुसरीकडे तुमच्यासारख्या चाळिसातल्या फक्त ५ जणींचं झालं, पण उरलेल्या साठ जणी आधीच्या सीझरच्या, जुळ्यांच्या, गावोगावहून रेफर होऊन आलेल्या, त्यांच्यात ५०. एकूण ५५. आता सांगा, तुम्ही कुठे जाल?

याचा अर्थ मोठा आकडा नेहमी माफ, असंही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरात सरकारी दवाखान्यांतली १४.३ टक्के बाळंतपणं सीझरने झाली, खासगीतली ४७.४ टक्के. एवढी तफावत नुसत्या अवघड केसेसनी पडत नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलंय. पहिलटकरीण दुपारी चारला भरती झालेली, पिशवीचं तोंड ३ सेंटीमीटर उघडलेलं, पोरगी व्हरांड्यात आईचा हात धरून फेऱ्या मारतेय, बाळाचे ठोके १४० आणि एकदम नियमित. साडेआठला डॉक्टरांची ओपीडी संपली आणि पोरगी ऑपरेशन थिएटरात गेली. कारणाच्या रकान्यात मला लिहायला सांगितलं, ‘प्रोग्रेस नाही’. तिच्या केसपेपरला लावलेला पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय ते नोंदवायचा तक्ता, कोरा होता, कळांची एकही नोंद नव्हती. २०१८ पासून जागतिक आरोग्य संघटना सांगतेय की खऱ्या जोराच्या कळा ५ सेंटीमीटरपासून धरा. त्याआधी वेळ लागतोच, पहिल्या खेपेला तर फारच. मी ते लिहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. त्या पोरीचं पुढचं बाळंतपण आता ‘आधीचं सीझर’ या गटात मोजलं जाईल.

आणि दुसऱ्या बाजूचंही सांगते. बाळाचे ठोके ७० पर्यंत घसरून तिथेच अडकलेले मी ऐकलेत. अशा वेळी काही मिनिटांत सीझर झालं म्हणून रडलेली बाळं माझ्या हातात आलीत. टक्का कमी राखायच्या नादात जे थांबतात त्यांच्याकडेही जाऊ नका.

पुढच्या तपासणीला दोन्हीकडे हे विचारा. पहिलटकरणींत, दिवस भरून आपोआप कळा आलेल्यांत गेल्या वर्षी किती सीझर झाली? किती जणींना पुढे पाठवलं? कळा आणायचं औषध कधी देता, नुसती तारीख उलटली की लगेच? कळांच्या वेळी आईला किंवा सासूबाईंना जवळ थांबू देता का? सोबत सतत कुणी असलं की सीझरची वेळ कमी येते, हे अभ्यासांतून दिसलंय. आणि रात्री दोनला भूलतज्ज्ञ किती वेळात पोचतात?

जे हॉस्पिटल रजिस्टर उघडून आकडा सांगेल, तिथे मी माझ्या भाचीचं नाव घातलं होतं. त्यांचा एकूण आकडा पन्नासच्या वर होता.