गर्दी नसलेल्या बंदराच्या काठाने आई-बाबांना घेऊन निवांत चालता येईल, अशी जागा कोकणात कुठे आहे?

विजयदुर्ग. किल्ला म्हणून नाव सगळ्यांना ठाऊक असतं. लोक गाडीने येतात, तटावर फोटो काढतात आणि तासाभरात देवगडकडे निघतात. बंदर मात्र बघायचं राहूनच जातं.

वाघोटण खाडी इथे समुद्राला मिळते आणि किल्ला तिच्या मुखाशीच उभा आहे. बऱ्याच खाड्यांच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो, तसा इथे नाही. म्हणून मोठी गलबतं पावसाळ्यातही आत येऊन थांबत. तटावरून फिरताना हे आपोआप कळतं: पश्चिमेला लाटा खडकावर आपटत असतात आणि दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी तळ्यासारखं पडून असतं.

माझा सल्ला मात्र असा की किल्ला शेवटी बघा. आधी आंग्र्यांची, म्हणजे मराठा आरमाराच्या सरदारांची, गोदी. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटरवर, गिर्ये गावाच्या बाजूला. गिर्येचा रस्ता धरायचा आणि खाडीकडे उतरणारी वाट कुणालाही विचारून घ्यायची. आई-बाबा दमणार असतील तर तिथपर्यंत रिक्षा करा, लाज वाटायचं कारण नाही.

पहिल्यांदा मी भर भरतीला गेलो होतो. समोर नुसतं गढूळ पाणी. "एवढ्यासाठी आलो?" असं चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण काठावर जाळं सोडवत बसलेले एक आजोबा म्हणाले, "सुकती लागली काय येवा." म्हणजे ओहोटी लागली की या. दुसऱ्या खेपेला ऐकलं. पाणी उतरलं होतं, कातळात खोदलेल्या बाजू उघड्या पडल्या होत्या, त्यांना कालवं चिकटलेली आणि तळाच्या चिखलात खेकड्यांची धावपळ. जहाज भरतीला आत घ्यायचं आणि दुरुस्तीला लावायचं, ही युक्ती तिथे उभं राहिल्यावर लगेच डोक्यात शिरते. तुळाजी आंग्र्यांचं आरमार फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रजांच्या हल्ल्यात याच बंदरात जळालं. आता तिथे एखादी होडी डुलत असते, बास.

तेव्हा कॅलेंडर बघून जा. कोळ्यांचा जुना हिशेब: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीयेला सव्वादोन, पंचमीला पावणेचार. त्याच्या सहा तास आधी ओहोटी. म्हणजे तृतीया ते पंचमी, पक्ष कुठलाही असो, सकाळी सव्वाआठ ते पावणेदहाच्या दरम्यान गोदी मोकळी सापडते. हा अंदाज आहे, वेळ थोडी इकडेतिकडे धरा.

गोदीवरून पुढे गिर्येचं रामेश्वर मंदिर. सड्यावरून, म्हणजे खडकाळ माळावरून, चालताना देऊळ कुठेच दिसत नाही. मग जांभा फोडून काढलेली वाट खाली उतरू लागते, दोन्ही बाजूंच्या भिंती उंच होत जातात, गारवा येतो आणि अचानक समोर देऊळ. संभाजी आंग्र्यांची समाधी इथेच आहे. उतरताना बाबांचा हात धरा, पावसात तिथे शेवाळ असतं.

दुपारचं ऊन टाळा, सड्यावर सावली नाही. चारच्या सुमारास परत बंदरावर या. किल्ल्याचा दरवाजा आणि जेटी अगदी जवळजवळ आहेत. आईला तट चढायचा नसेल तर जेटीवर बसवून तुम्ही वर जाऊन या. होड्या परतायची वेळ असली तर तिला तुमची आठवणही येणार नाही.