शेजाऱ्याच्या शेडमुळे घराची किंमत पडली, दावा करता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. शेजाऱ्यांनी कंपाऊंडला चिकटून पत्र्याची उंच शेड टाकली, तुमच्या दोन खोल्यांचा उजेड गेला, पावसात त्यांच्या पत्र्याचं पाणी तुमच्या आवारात पडतं आणि आता घर बघायला येणारा प्रत्येकजण भाव पाडून मागतोय. वर शेजारी म्हणतात जागा माझी, मी काहीपण बांधेन.

आधी स्पष्ट सांगतो, नुसती "किंमत कमी झाली" एवढ्यावर कोर्टात काही मिळत नाही. शेड दिसायला वाईट आहे, समोरचा व्ह्यू गेला, यावर पण नाही. तुमचा कुठला तरी हक्क मोडलाय हे दाखवावं लागतं, मग किंमतीचा मुद्दा त्याला जोडायचा, आणि तिथे मात्र तो खूप कामाला येतो.

तुमचा हक्क आहे उजेड-वाऱ्याचा. 1882 च्या इझमेंट ॲक्टच्या (दुसऱ्याच्या जागेवर चालणाऱ्या हक्कांचा कायदा) कलम 15 प्रमाणे घराला 20 वर्षं विनाअडथळा उजेड-वारा मिळत आला असेल तर तो हक्क होतो, आणि तुमचं घर 26 वर्षांचं, खिडक्या पहिल्यापासून त्याच जागी आहेत असं तुम्ही लिहिलंय. फक्त हा हक्क इमारतीला असतो, मोकळ्या अंगणाला नाही, म्हणून अंगणात अंधार होतो ही तक्रार दाव्यात घालू नका, दावा पातळ होतो. आता महत्त्वाचं, याच कायद्याच्या कलम 33 मध्ये अडथळ्यामुळे मिळकतीची किंमत बऱ्यापैकी कमी होणं हे भरीव नुकसान धरलंय. म्हणून रजिस्टर्ड व्हॅल्युअरकडून रिपोर्ट घ्या, शेड नसताना किंमत किती आणि असताना किती असा, एजंटच्या तोंडी बोलण्यावर विसंबू नका. खिडक्यांचे जुने फोटो आणि मंजूर नकाशा पण काढून ठेवा. आणि वर्षभर गप्प बसू नका, नाहीतर यांना मान्यच होतं असं म्हणायला शेजाऱ्याला जागा मिळते.

दावा वेळ खातो, त्यामुळे त्याच्या आधी दोन कामं करा. भूमी अभिलेखकडून हद्दीची मोजणी करून घ्या, पत्रा तुमच्या हद्दीत येत असेल तर ते सरळ अतिक्रमणच झालं. आणि शेडला परवानगी आहे का ते माहिती अधिकारात विचारा, 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. परवानगी नसेल तर महापालिका किंवा नगरपालिका जे असेल तिथे लेखी तक्रार द्या, एमआरटीपी ॲक्ट 1966 च्या (महाराष्ट्राचा प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम 53 खाली पाडायची नोटीस निघू शकते, काम अजून चालू असेल तर कलम 54 खाली काम थांबवायची. नोटीस मिळाल्यावर शेजारी बांधकाम नियमित करून घ्यायला अर्ज करू शकतात तेव्हा तक्रार देऊन विसरू नका, मागे लागा. समजा त्यांच्याकडे परवानगी निघाली तरी घाबरायचं कारण नाही, पालिकेच्या परवानगीने तुमचा उजेडाचा हक्क बुडत नाही.

तक्रारीआधी स्वतःच्या घराचं वाढीव बांधकाम मात्र तपासा. नकाशाबाहेरची गॅलरी, जिना काही असेल तर उलट तक्रार येणारच, बहुतेक भांडणं तिथेच अडकतात.

पाण्यासाठी वकिलामार्फत नोटीस पाठवून पन्हाळ लावायला सांगा, बरेचदा एवढ्यावर काम होतं.

घर लवकर विकायचं असेल तर दाव्याचा नीट विचार करा, कारण दावा चालू असलेलं घर घ्यायला लोक बिचकतात आणि खरेदीदारापासून तो लपवताही येणार नाही. अशा वेळी मोजणी आणि व्हॅल्युअरचा रिपोर्ट हातात घेऊन शेजाऱ्यांशी बसा, शेडची उंची कमी करून खिडक्या मोकळ्या करायचं लेखी ठरलं तर तुमचा भाव त्याने लवकर सुधारेल.