इंजिन दमतं, रूळ फुगतो: पत्र्याच्या खोलीतल्या एचओ लेआउटचं काय करायचं

राम राम भाऊ. तुमचा प्रश्न नीट वाचला आणि फोटो मोठे करून पाहिले. सगळ्यांना संदर्भ लागावा म्हणून थोडक्यात सांगतो. अमळनेरला वरच्या मजल्यावर पत्र्याची खोली, ८ बाय ४ फुटांच्या प्लायवर मांडलेली मॉडेल रेल्वे (तोच लेआउट), एचओ स्केल म्हणजे खऱ्याच्या १/८७ माप, १२ व्होल्ट डीसी कंट्रोलर, अंडाकृती मेन लाइन आणि दोन सायडिंग, म्हणजे बाजूला फुटणारे रूळ. तक्रारी चार आहेत. कंट्रोलरपासून लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं, मे महिन्यात सरळ रूळ बाजूला फुगला, डबे सायडिंगच्या पॉइंटवर, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या सांध्यावर, उतरतात, आणि खडी टाकल्यापासून इंजिन करकरतं. दुकानदार म्हणतो मोठा कंट्रोलर आणि नवं इंजिन घ्या.

दोन्ही घेऊ नका. तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ एकाच जागी आहे, रुळांच्या जोडात. तिथे हात घातला तर दोन्ही एकदम सुटतात, आणि खर्च फक्त वायर आणि सोल्डरचा.

आधी करंट. तुम्ही रुळाला दोन वायरी एकाच ठिकाणी लावल्या आहेत. तिथून पुढे करंट जातो तो दोन रुळांची टोकं जोडणाऱ्या पत्र्याच्या छोट्या जॉइनरमधून, एकामागून एक. नवे असताना जॉइनर घट्ट असतात. मग ते सैल होतात, आत धूळ शिरते, धातूवर काळपट थर चढतो, आणि प्रत्येक जोडावर थोडं थोडं व्होल्टेज पडत जातं. हे तपासताना लोक मल्टिमीटर नुसता रुळाला लावतात, पलीकडच्या टोकालाही १२ व्होल्ट दिसतात आणि दोष इंजिनावर जातो. करंट ओढणारं काही नसेल तर खराब जोडावरही व्होल्टेज पडत नाही, म्हणून ते रीडिंग फसवं असतं. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानातून १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब आणा आणि त्याला दोन वायरी जोडा. हा बल्ब साधारण ०.४ अँपिअर घेतो, म्हणजे जवळपास एका एचओ इंजिनाइतका. इंजिन उचलून ठेवा, बल्ब सगळ्यात लांबच्या टोकाला रुळांवर पेटवा आणि मग मीटर घेऊन कंट्रोलरपासून एकेक जोड ओलांडत जा. ज्या जोडाच्या अलीकडे आणि पलीकडे आकड्यात ठळक फरक दिसेल तिथे खडूने खूण करा. दोन्ही रूळ वेगवेगळे तपासा, कारण बहुतेक वेळा एकाच बाजूचा जॉइनर गेलेला असतो.

उपाय म्हणून लोक सगळे जॉइनर सोल्डर करून टाकतात. आपल्या हवेत हे अजिबात करू नका. फोटोत दिसतंय की तुम्ही सरळ भागातले तीन जोड पक्के केले आहेत. तुमचा रूळ मे महिन्यात फुगला तो त्यामुळेच.

याचा हिशोब मांडून दाखवतो. निकेल सिल्व्हरचा रूळ दर मीटरला, दर अंश सेल्सिअसला साधारण १६ मायक्रॉन वाढतो. डिसेंबरच्या पहाटे अमळनेर-जळगावकडे पारा दहा-बाराच्या आसपास येतो आणि मेमध्ये पत्र्याखालची खोली ४५ च्या वर जाते. फरक ३५ अंशांचा धरा. मीटरभर रुळाला अर्धा मिलिमीटरहून थोडं जास्त होतं. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ९१४ मिलिमीटरचा फ्लेक्स ट्रॅकचा, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या रुळाचा, तुकडा दोन्ही टोकांना अडवलेला असेल आणि त्याची लांबी फक्त अर्धा मिलिमीटर वाढली, तर भूमितीच्या हिशोबाने तो मधोमध १३ मिलिमीटरपर्यंत बाहेर येऊ शकतो. खिळे आणि फेव्हिकॉल त्याला थोपवून धरतात. एक खिळा सुटला की तिथेच फुगवटा. त्यात लाकडाची भर. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत प्लायमधला ओलावा उडतो आणि तो किंचित आकसतो. म्हणजे रूळ लांबतोय त्याच वेळी खालची फळी आखडतेय. पावसाळ्यात उलट, फळी फुगते आणि जोडांत फट पडते. खऱ्या रेल्वेलाही हे चुकलेलं नाही. भुसावळकडच्या मेन लाइनवर भर उन्हात गँगची माणसं रुळाकडे बघत चालताना दिसतात, ते हॉट वेदर पेट्रोलिंग याच फुगण्यासाठी असतं.

म्हणून करायचं असं: करंटचं काम वायरीकडे द्या आणि जॉइनरकडे फक्त रूळ एका रेषेत धरण्याचं काम ठेवा. घराच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची लाल आणि काळी वायर बोर्डाखालून पूर्ण गोल फिरवा. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला, प्रत्येक, अर्धा स्क्वेअर एमएमची आखूड वायर खाली सोडून त्या मुख्य वायरीला जोडा. आता जॉइनर सैल झाला तरी करंट अडत नाही, आणि जॉइनर सैल राहू शकतो म्हणून रुळाला लांबायला जागा मिळते. सरळ भागातले पक्के जोड बारीक ब्लेडच्या करवतीने कापून मोकळे करा. कडक उन्हाळ्यात काम करत असाल तर फट जवळजवळ नको. थंडीत करत असाल तर दर मीटरला अर्धा मिलिमीटर ठेवा, व्हिजिटिंग कार्डाचे दोन तुकडे फटीत धरले की साधारण तेवढं होतं. वळणावर मात्र फ्लेक्स ट्रॅकचा जोड सोल्डर केलेलाच बरा, नाहीतर तिथे कोपरा पडतो. त्याच्या पुढचा-मागचा सरळातला जोड मोकळा असला की पुरे.

सोल्डर करताना स्लीपर वितळतात अशी भीती सगळ्यांना असते. रूळ बाहेरच्या बाजूने जरा घासून चकचकीत करा, थोडा रोझिन फ्लक्स, आधी रुळावर सोल्डरचा ठिपका, मग वायरीच्या टोकावर सोल्डर, आणि शेवटी दोन्ही एकत्र टेकवून क्षणभर गरम. दोन्ही बाजूंना रुळावर ओल्या कापसाचे बोळे ठेवा, उष्णता तिथेच थांबते. अ‍ॅसिडचा फ्लक्स वापरू नका, तो पुढे वायर खातो.

प्लायला खालून, वरून आणि मुख्य म्हणजे कडांना ऑइलपेंटचा हात द्या. आणि तो कूलर खोलीतून हलवा, निदान त्याचा झोत लेआउटवर नको. कूलरची ओल दुपारी फळीत शिरते, रात्री सुकते, आणि फळीची ही हालचाल रोजची होते.

आता डबे उतरतात त्याबद्दल. आधी एक पारख करा. वेगवेगळे डबे एकाच जागी उतरत असतील तर दोष रुळात. एकच डबा ठिकठिकाणी उतरत असेल तर दोष त्या डब्यात. तुम्ही लिहिलंय की सगळेच डबे त्या एका पॉइंटवर उतरतात, पण त्यातले दोन इतरत्रही उतरतात. म्हणजे दोन्हीकडे बघावं लागेल.

पॉइंटवर डोळा रुळाच्या पातळीला आणा आणि समोरून टॉर्च मारा. सरकणारं पातं मोठ्या रुळाला पूर्ण टेकतं का? उजेडाची रेघ दिसली तर टेकत नाही. मग नखाने पात्याचं टोक तपासा. रुळाच्या आतल्या कडेवरून नख सरकवत पात्यापर्यंत न्या. नख जिथे अडतं तिथेच चाकाची कड चढते. बारीक कानशीने ते टोक सुरीसारखं पातळ करा, वरची कडाही किंचित खाली घ्या, जास्त नाही. पात्यामागे खडीचा एखादा दाणा फेव्हिकॉलसकट चिकटलाय का तेही पाहा, तुमच्या फोटोत मला तसं दिसतंय.

डब्यांमध्ये पहिलं माप चाकांचं. एकाच आसावरच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा. एचओला ते साधारण १४.४ ते १४.५ मिलिमीटर हवं. कमी असेल तर चाक पॉइंटच्या आतल्या गार्ड रुळावर चढतं. प्लास्टिकच्या आसावर चाक हाताने हळूच फिरवत बाहेर ओढता येतं. दुसरं माप वजनाचं. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने एचओसाठी सुचवलेला हिशोब सोपा आहे: एक औंस, म्हणजे २८ ग्रॅम, आणि वर दर इंच लांबीला अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम. खरा आयसीएफ डबा (जुन्या पद्धतीचा प्रवासी डबा) २१.३ मीटर, तो एचओत २४५ मिलिमीटर होतो, पावणेदहा इंच म्हणा. त्याला १६५ ग्रॅमच्या आसपास वजन हवं. बॉक्सएन, म्हणजे कोळशाची उघडी वाघीण, १२३ मिलिमीटर, तिला १०० ग्रॅमच्या थोडं आत. हलके डबे वळणात आत खेचले जातात. वजन तळाशी, फरशीला चिकटवून द्या. तिसरी गोष्ट ट्रकचे, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांचे, स्क्रू. एका बाजूचा इतका आवळा की ट्रक फक्त डावा-उजवा वळेल. दुसऱ्या बाजूचा अर्धा आटा ढिला, म्हणजे तो डुलूही शकेल. दोन्ही घट्ट असले की रूळ जरा वर-खाली झाला तरी एक चाक हवेत राहतं.

डब्यांच्या लांबीवरून वळणाचं सांगून टाकतो. चार फुटांच्या प्लायवर २२ इंच, म्हणजे ५५९ मिलिमीटरपेक्षा मोठी त्रिज्या बसत नाही. आयसीएफ डबा छान दिसायला त्रिज्या त्याच्या लांबीच्या तिप्पट, म्हणजे ७३५ मिलिमीटर लागते. कपलर, म्हणजे डबे जोडणारे आकडे, ट्रकला जोडलेले असतील तर डबे फिरतील, पण वळणावर कोपरे बाहेर येणारच. नवा एलएचबी प्रवासी डबा तर २७० मिलिमीटरचा, तो विषय सोडा. माझं मत विचाराल तर या मापाच्या बोर्डावर मालगाडी चालवा. आपल्याकडे तोच खरा देखावा आहे. भुसावळ यार्डातून दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडे कोळशाच्या वाघिणी जातात, समोर वॅग, म्हणजे मालगाडीचं विजेचं इंजिन, बाजूला केळीची बाग. एवढंच नीट उभं केलं तरी लेआउट खान्देशातला दिसेल. नाहीतर पाचोरा-जामनेरची जुनी नॅरोगेज करा. ती अडीच फुटी, ७६२ मिलिमीटरची होती. ते अंतर एचओत पावणेनऊ मिलिमीटर होतं आणि एन या एचओहून लहान स्केलचा ९ मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ चपखल बसतो. इंजिन छोटी, डबे छोटे, आणि घट्ट वळणंही शोभतात. ब्रॉडगेजला हे सुख नाही. १६७६ मिलिमीटरचे एचओत १९.३ होतात आणि बाजारातला रूळ १६.५ चा मिळतो, तेवढा फरक मान्य करून चालावं लागतं.

खडीची करकर हा आपल्या मातीचा खास प्रश्न आहे. तुम्ही क्रशरची बारीक चुरी चाळून टाकली, रंगाने ती अगदी खरी दिसते, कारण आपल्या रुळांखाली हाच काळा बेसाल्ट असतो. पण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. त्याचे बारीक कण इंजिनाच्या मोटरमधल्या चुंबकाकडे उडतात, गिअरच्या वंगणात बसतात आणि दात खातात. जुन्या स्पीकरचं चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि चुरी ताटात पसरून त्यावरून फिरवा. काळी केसाळ दाढी चिकटून येईल. पिशवी उलटी केली की ती सुटते. काही येईनासं होईपर्यंत फिरवत राहा. दाण्याचं मापही पाहा. रेल्वेची खडी ६५ मिलिमीटरपर्यंतची असते, म्हणजे एचओत पाऊण मिलिमीटर. त्याहून मोठा दाणा धोंड्यासारखा दिसतो. आधीच चिकटवलेली खडी पाण्याने भिजवून खरवडून काढावी लागेल, त्याला इलाज नाही. इंजिन उघडून गिअर आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि प्लास्टिकला चालणारं वंगण अगदी थेंबभर द्या. नवी खडी बसवताना ती आधी भांडी धुण्याच्या लिक्विडचा थेंब टाकलेल्या पाण्याने भिजवा, मग निम्मं पाणी घातलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. पॉइंटच्या पात्यांच्या आसपास ड्रॉपर नेऊच नका.

रूळ साफ करायला पॉलिश पेपर नको, त्याचे ओरखडे धूळ धरून ठेवतात. जुन्या टेरिकॉट शर्टाच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल पुरे. कापूस वेचणीच्या दिवसांत हवेतले तंतू आसांभोवती गुंडाळले जातात, ते सुई आणि चिमट्याने काढा. लेआउट सुती चादरीने झाकू नका, प्लास्टिकने झाका.

सायडिंगवर छोटं शंटिंग इंजिन थांबतं असं ओझरतं लिहिलंय. तिथे पॉइंटच्या मधलं बेचकं, म्हणजे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचं आहे आणि आखूड इंजिनाची चाकं तेवढ्या जागेत करंट गमावतात. पुढच्या वेळी धातूच्या बेचक्याचा पॉइंट घ्या आणि त्याला पॉइंटबरोबर फिरणाऱ्या स्विचमधून करंट द्या.

आराखड्यात तुम्ही अंडाकृतीच्या आतून तिरका रूळ काढलाय, गाडी उलटी फिरवायला. तो तसाच जोडला तर डाव्या रुळाला उजवा रूळ भेटेल आणि शॉर्ट होईल. त्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ इन्सुलेटेड जॉइनरने तोडा, तुकडा पूर्ण गाडी मावेल इतका लांब ठेवा, आणि त्याला सहा पिनांच्या टॉगल स्विचमधून वेगळा करंट द्या. गाडी आत थांबवा, मेन लाइनची दिशा बदला, मग बाहेर काढा.

उड्डाणपूल मात्र या बोर्डावर नको. खालून गाडी जायला किमान ७५ मिलिमीटर उंची हवी, ओव्हरहेड वायर दाखवली तर जास्तच. ३ टक्के चढाने तेवढं चढायला अडीच मीटर आणि उतरायला अडीच मीटर लागतात. तुमचा संपूर्ण फेरा सहा मीटरच्या आत आहे. खऱ्या कसारा घाटाचाही चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, आणि तिथे मागून बँकर इंजिन लावतात.

तुम्ही आधी बल्बची चाचणी करा आणि खूण केलेल्या प्रत्येक जोडाचे दोन्ही आकडे इथे टाका, सोबत त्या दोन उनाड डब्यांच्या चाकांमधलं अंतर आणि वजन. पॉइंटच्या पात्याचा जवळून काढलेला एक फोटोही टाका, बाजूने उजेड पडेल असा.